कातरीविना उतरलेली लोकर

लग्नाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा एका सकाळी सासऱ्यांनी तिला गोठ्यात हाक मारली. तिला वाटलं, पाणी हवं असेल. ती भांडं भरून घेऊन गेली. सासरे एका मेंढीला बुडावर बसवून, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून उभे होते. पाण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ते ठेव खाली आणि ही धर," म्हणाले, आणि हातभर लांब कातर त्यांनी तिच्यापुढे केली.

"मी, मामंजी?"

"मग काय तुझा नवरा?"

नवरा त्या वेळी अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, नाकाला रुमाल लावून उभा होता. लोकर कातरणाऱ्यांच्या घरात जन्माला येऊन त्याला वावडं होतं ते नेमकं लोकरीचंच. मेंढी वीस पावलांवर आली की शिंका सुरू. म्हणून तो ट्रक चालवायला लागला होता, आणि चार पिढ्या चालत आलेलं काम सासऱ्यांपाशी येऊन थांबलं होतं. मुलीला शिकवावं तर मुलगी नव्हती. सून होती. सासऱ्यांनी आठ महिने तिला घरात वावरताना पाहिलं आणि मनाशी काय ते ठरवलं. कुणाला विचारलं नाही, तिलाही नाही.

पहिल्याच दिवशी तिने मेंढीच्या बरगडीवर करंगळीएवढी जखम केली आणि स्वतःच रडायला लागली. सासऱ्यांनी जखमेला औषध लावलं, कातर काढून घेतली आणि म्हणाले, "चूक माझी. आधी हात शिकवायला हवा होता."

मग दोन महिने त्यांनी तिला नुसतं मेंढ्यांना हात लावायला शिकवलं. लोकर दोन्ही तळव्यांनी मधोमध उघडायची, गुलाबी कातडीपर्यंत. तिथे काय दिसतं ते सांगायचं. एकदा तिला केसांच्या मधोमध एक बारीक, फिकी रेघ दिसली. तिने चिमटीत बट धरून ताणली, तर बट त्या रेघेवर पटकन तुटली.

"हिला ताप येऊन गेलाय," सासरे म्हणाले. "जनावर आजारी पडलं की लोकर बारीक येते, कधी वाढायचीच थांबते. रेघ कातडीपासून किती वर आहे? नखभर? म्हणजे झाला महिना."

मेंढीच्या मालकाला विचारलं, तर तो तोंडात बोट घालून उभाच राहिला. बरोबर महिन्यापूर्वी ती चार दिवस उठली नव्हती.

"आणि हे कायम डोक्यात ठेव," सासरे म्हणाले. "कातर न लावता जिची लोकर हाताशी सुटून येते, तिला कातरायचं नाही. मालकाला सांगायचं, हिच्या पोटात नाहीतर रक्तात काहीतरी बिघडलंय. चांगल्या मेंढीची लोकर कधी आपण होऊन पडत नाही."

तिने ते डोक्यात ठेवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाईमाणूस मेंढीला मांड्यांत धरून उभं राहतं, हे काय दिसतं का, असं चारचौघांत बोलून झालं. सासऱ्यांनी एकालाच उत्तर दिलं, ते सख्ख्या भावाला. "तुझ्या पोराला पाठव. तिच्यासारखी एका मेंढीची लोकर उतरवून दाखव म्हणावं." पोरगा काही आला नाही.

हळूहळू तिचं खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं. सगळे तिला कातरवाली म्हणायला लागले. एकतीस वर्षं ती गोठ्यांमागून गोठे फिरली. पोटापासून सुरुवात करून, मान, खांदा, पाठ अशी कातर फिरवत ती संपूर्ण लोकर एका अखंड घोंगडीसारखी उतरवायची. मोकळी झालेली मेंढी उठून उभी राहायची तेव्हा दर वेळी तीच गंमत. आपण निम्मे झालो हे तिला पटायचंच नाही. ती क्षणभर गोंधळून इकडेतिकडे बघायची आणि मग चारही पाय उचलून उडी मारायची. कातरवालीने अशा हजारो उड्या पाहिल्या असतील, पण एकाही उडीकडे पाठ फिरवली नाही. सासरे थकले तरी खुर्ची टाकून तिच्या कामापाशी बसत. ते गेले ते झोपेत, शांतपणे, आणि जाण्याआधीच्या संध्याकाळी, "आज कितवी घोंगडी अखंड आली?" एवढंच विचारून गेले.

छप्पन्नाव्या वर्षी तिच्या हातातून चहाचा कप पडला. दुसऱ्या दिवशी परत पडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली होती. ती चार महिने कुणाला बोलली नाही, पण मेंढी बोलली. कातरताना एका मेंढीचा कान जरासा कापला गेला, आणि कातरवालीने त्याच पावली काम थांबवून घर गाठलं. मनगटातली नस दबली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, टाके काढताना हात वळवून पाहिला आणि म्हणाले, "कप धराल, लेखणी धराल, नातवंड धराल. कातर नाही."

घरी बसणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. नवरा ट्रक सोडून नुकताच घरी आला होता, आणि बायकोचा हात बरा होईतो स्वयंपाक आपण करायचा असं त्याने जाहीर केलं. हौस दांडगी. पहिल्या आठवड्यात त्याने अंडी उकडायला ठेवली आणि बाहेर जाऊन शेजाऱ्याशी गप्पा मारत बसला. पाणी आटलं, अंडी फुटून छताला चिकटली. ती काही बोलली नाही. शिडी लावून छत पुसत राहिली, डाव्या हाताने. नवऱ्याला त्याचीच भीती वाटली. एरवी ती अशा प्रसंगी घर डोक्यावर घ्यायची.

"अगं, चिड तरी," तो खालून म्हणाला.

"कशासाठी? छत तरी पुसायला मिळालं," ती म्हणाली.

त्या आठवड्यातच डॉक्टरबाई आल्या. ह्या जनावरांच्या डॉक्टर. कातरवालीची आणि त्यांची ओळख गोठ्यागोठ्यांतली. कातरवालीने, "हिला बघा," असं म्हणून दाखवलेली मेंढी दर वेळी खरोखरच आजारी निघते, हे डॉक्टरबाईंनी बरीच वर्षं मनात टिपून ठेवलं होतं. आता त्या गावाबाहेरच्या टेकडीवरच्या प्राणी उद्यानात होत्या. तिथे नुकत्याच सात रानमेंढ्या आल्या होत्या, उंच डोंगरातल्या, आणि त्यांच्यासाठी माणूस हवा होता.

"माझा हात गेला, डॉक्टरबाई," कातरवाली म्हणाली.

"कातरायचं नाहीच आहे. चारा टाकायचा, पाणी बदलायचं, आणि दिवसभर बघत राहायचं. तुम्ही बघता तसं बघणारं मला तिथे कुणी मिळत नाहीये."

नवराच लगेच म्हणाला, "जाते ती. उद्यापासून. मी डबा देतो."

"अहो, डबा मी बनवेन," ती घाईघाईने म्हणाली, आणि तसं म्हणताना आपण हो म्हणून गेलो हे तिच्या लक्षात आलं.

रानमेंढ्या तिला पहिल्या दिवशी मेंढ्या वाटल्याच नाहीत. तपकिरी, उंच पायांच्या, हरणासारख्या हलक्या. शिंगं मागे वळलेली. अंगावर लोकर नाहीच, सरळ राठ केस. माणूस पन्नास पावलांवर आला की खडकांच्या चवडीवर चढून बसायच्या. हात लावायचा प्रश्नच नव्हता. तिने त्यांना हळूहळू सवय लावली. दोन कुंपणांमधून एक अरुंद गल्ली होती, तिच्या टोकाला जनावर अडवून तपासायची लाकडी पेटी. चारा ती रोज त्या गल्लीत टाकायला लागली. पहिले पंधरा दिवस एकही आत आली नाही. सोळाव्या दिवशी एक आली, जिचं डावं शिंग अर्ध्यात मोडलेलं होतं. तिला कातरवालीने नाव दिलं मोडशिंगी. मोडशिंगी आली म्हणून बाकीच्या आल्या. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी गल्लीत यायची आणि कातरवाली मनातल्या मनात तिचे आभार मानायची.

हिवाळा गेला, दिवस मोठे व्हायला लागले, आणि एका सकाळी कातरवालीच्या काळजात धस्स झालं. मोठ्या नराच्या मानेवरून मूठभर लोकर लोंबत होती. राठ केसांच्या आतून मऊ, करड्या कापसासारखी लोकर वर आली होती आणि गोळ्यागोळ्यांनी सुटत होती. दुपारपर्यंत आणखी दोघींच्या खांद्यांवर तेच. एक खांबाला अंग घासत होती आणि तिच्या कुशीवरून अख्खी चिंधी उतरून कुंपणाच्या तारेला अडकली.

ती धावतच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. "खरूज! सगळ्यांना लागलीये. लोकर मुठीमुठीने सुटतेय. मी काय चुकले सांगा, चारा बदलला नाही, चाटायची मिठाची वडी तीच आहे..."

डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. आणि हसू दाबत म्हणाल्या, "अहो, त्यांना काहीही झालेलं नाही. उन्हाळा येतोय. त्या लोकर उतरवतायत."

"आपण होऊन?"

"आपण होऊन. दर वर्षी."

"मग कातरतं कोण?"

"कुणी नाही. डोंगरात त्यांना कोण कातरणार?"

कातरवालीने हे एकतीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मग तिला नीट समजावून सांगितलं. दिवस केवढा आहे हे मेंढीच्या डोळ्यांतून मेंदूला कळतं. दिवस लहान व्हायला लागले की राठ केसांच्या आत ही मऊ लोकर दाट उगवते, थंडीभर पुरते. दिवस मोठे झाले की तिची मुळं सुटतात आणि ती गळून पडते. सगळ्या मेंढ्या एके काळी अशाच होत्या, पाळीव मेंढ्यांचे पूर्वजसुद्धा. कातर नव्हती तेव्हा लोक वसंतात सुटलेली लोकर हातांनीच ओढून घ्यायचे. मग जिची लोकर कमी गळते तिचीच पिल्लं माणसं राखत गेली, पिढ्यान् पिढ्या, आणि शेवटी अशी मेंढी तयार झाली जिची लोकर बारा महिने वाढतच राहते, गळतच नाही. तरी अजूनही काही जातींच्या पाळीव मेंढ्या झडतात.

"म्हणजे आमचं काम माणसानेच तयार केलं," कातरवाली म्हणाली.

"हो. आणि म्हणूनच तुमच्यावाचून त्या मेंढ्यांचं चालायचं नाही. न कातरता ठेवल्या तर उन्हाळ्यात हाल हाल होतील."

तिला थोडं वाईट वाटलं, हेही खरं. सात जनावरं तिच्यासमोर, तिला न विचारता, तिचं जन्माचं काम पार पाडत होती, आणि तेही किती गबाळं! अखंड घोंगडी राहिली बाजूला, नुसत्या चिंध्या. पण चार दिवस कुंपणाला टेकून बघता बघता ती गुंतत गेली. आधी तोंड आणि पाय चकाकायला लागले. मग मान, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी पाठ आणि मागची बाजू. आतून उन्हाळ्याचे आखूड, गुळगुळीत केस निघत होते, नव्या नाण्यासारखे. पाखरं तारेवरची लोकर चोचीत भरून घरट्यांसाठी नेत होती. लोक मात्र तिकीटखिडकीवर जाऊन तक्रारी करत होते की तुमची जनावरं सडलीत. शेवटी तिनेच उद्यानाच्या सुताराकडून एक पाटी करून घेतली: या मेंढ्या आजारी नाहीत. यांचे कपडे बदलणे चालू आहे.

डॉक्टरबाईंनी तिला एक वही दिली. प्रत्येक पानावर मेंढीची नुसती रेघांची आकृती. दर सोमवारी जेवढा भाग झडला तेवढा पेन्सिलीने काळा करायचा. बधिर बोटांनी पेन्सिल धरायला त्रास व्हायचा, पण कप धरता येतो तशी ही धरता यायला लागली. दोन वसंत तिने असे भरून काढले आणि तिच्या लक्षात आलं की गळण्यालाही क्रम आहे. धडधाकट नर पहिले. मग ज्यांना पिल्लं नाहीत त्या माद्या. अंगावर पाजणाऱ्या आया सर्वांत शेवटी, कारण त्यांची सगळी ताकद दुधात जाते. तिने हे सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई वही हातात घेऊन बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

"हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही."

"वही वाचली ना," कातरवाली म्हणाली.

तिसऱ्या वसंतात ही गोष्ट घडली.

दिवस तापायला लागले होते. नर कधीच झडून मोकळे झाले होते. त्या वर्षी एका मादीला जुळं झालं होतं, तिचीसुद्धा पाठ अर्ध्याहून अधिक उतरली होती. आणि मोडशिंगी, जिला पिल्लू नव्हतं, जी पहिल्या माद्यांत झडायला हवी होती, ती अजून थंडीच्या कपड्यांत उभी होती. वहीतलं तिचं पान कोरं. अंगाने चांगली गुबगुबीत दिसत होती. सावली धरून असायची, एवढंच.

"वय झालंय तिचं, थोडी वाट बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आणि कामासाठी चार दिवस परगावी गेल्या होत्या.

तेवढ्यात उद्यानाचे व्यवस्थापक आले. माणूस मनाने चांगला, पण सकाळी उठल्यापासून उशीर झालेला. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत. रविवारी रानमेंढ्यांसमोरच्या नव्या लाकडी सज्ज्याचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार, फोटो काढणार.

"ही एक तेवढी गोधडीत का आहे?" त्यांनी मोडशिंगीकडे बोट दाखवलं. "फोटोत हीच आधी दिसेल. कातरून टाका. तुम्ही तर त्यातल्या उस्ताद. तुमच्याशिवाय कोण करणार?"

तुमच्याशिवाय कोण करणार, हे तिला कुणी तीन वर्षांत म्हटलं नव्हतं. कातर घरी होती, दर महिन्याला ती तेलाच्या फडक्याने पुसत होती. हाताला आता बरंच बरं होतं. एक मेंढी, एकच. गल्लीत येईल, पेटीत येईल, आणि पाऊण तासात आपण ती उतरवून ठेवू, सगळ्यांसमोर. तिला कातरीचा तो कचकच आवाजसुद्धा ऐकू आला.

"उद्या सांगते, साहेब," ती म्हणाली.

"उद्या? बरं, सकाळीच. घाई आहे."

ते गेल्यावर ती कुंपणाशी बसली. खरं तर मनात हो म्हणून झालं होतं, कुठून सुरुवात करायची ते बघायला म्हणून ती मोडशिंगीकडे पाहत होती. आणि पाहता पाहता तिला दिसलं की मोडशिंगी गवत तोंडात घेते, जबडा एकाच बाजूने फिरवते, थांबते, आणि गवत पडतं. ती उठली, गव्हाणीपाशी गेली. खाली चघळलेल्या गवताचे ओले, अर्धवट गोळे पडले होते. एक, दोन नाही, पंधरावीस. रोज झाडताना तिने ते पाहिले असणार, आणि इतर कचऱ्याबरोबर हातगाडीत भरले असणार.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिच्या पाळीव मेंढ्यांत लोकर सुटली की दुखणं समजायचं. इथे सगळं उलटं होतं. इथे लोकर सुटत नाही, हेच दुखणं. जनावराच्या अंगात जुने कपडे टाकून नवे घालायचं त्राण उरलेलं नाही. आणि आपण तिला कातरून, साजरी करून, तेच झाकून टाकायला निघालो होतो.

तिने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. "तुम्ही वाट बघू म्हणालात, पण मला बघवत नाही. ती उपाशी आहे."

"उपाशी? चांगली भरलेली दिसते ती."

"ती लोकर भरलेली दिसते, डॉक्टरबाई. आत काय आहे ते हात लावल्याशिवाय नाही कळायचं."

डॉक्टरबाईंचं अजून दोन दिवसांचं काम उरलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय ना? सकाळी येते."

सकाळी घाईसाहेब, डॉक्टरबाई आणि कातरवाली तिघेही पेटीपाशी होते. दोन वर्षांची सवय कामी आली. मोडशिंगी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी गल्लीत शिरली, पेटीत गेली आणि मागचं फळकूट अलगद लागलं. ना धावाधाव, ना दोऱ्या. डॉक्टरबाईंनी भुलीचं इंजेक्शन दिलं. जनावर सैलावलं, तेव्हा कातरवालीने आपल्या आयुष्यात पहिल्यांदा एका रानमेंढीच्या अंगाला हात लावला.

बोटं बधिर असतील, तळवे नव्हते. तिने कमरेवर तळवा दाबला आणि लोकरीच्या खाली तिला कण्याचा एक एक मणका लागला, करवतीच्या दात्यांसारखा. तिने लोकर उघडली. मुळाशी उन्हाळ्याच्या केसांचा मागमूस नव्हता. 'मामंजी,' ती मनाशीच म्हणाली, 'हात आधी शिकवलात, फार बरं केलंत.'

"साहेब, हात लावून बघा," ती म्हणाली.

घाईसाहेबांनी भीतभीत हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. "अरे देवा. नुसती हाडं आहेत."

डॉक्टरबाईंनी जबडा उघडून बॅटरीचा उजेड टाकला. मागची एक दाढ उभी चिरफाळली होती आणि तिचं टोक गालात रुतलं होतं. तिथे जखम पिकली होती. प्रत्येक घास सुईवर चावल्यासारखा लागत असणार. पुढ्यात गवताचा ढीग असून जनावर आठवडेच्या आठवडे अर्धपोटी होतं, आणि थंडीचा कोट अंगावर असल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी दाढ काढली, जखम धुतली, औषध भरलं. सगळं आवरल्यावर त्या तिथेच पालथ्या बादलीवर बसल्या.

"कातरली असती तर?" घाईसाहेबांनी विचारलं. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांना कुठेही जायची घाई दिसत नव्हती.

"कातरली असती तर हाडं दिसली असती म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण एवढ्या अशक्त रानटी जनावराला शुद्धीवर असताना धरून पाऊण तास उलटंसुलटं केलं असतं, तर बहुतेक ते भीतीनेच गेलं असतं."

आदल्या दुपारी आपण हो म्हणणार होतो, हे कातरवालीने तेव्हाही सांगितलं नाही. फक्त घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

"पण म्हणाली नाहीस ना?" नवरा म्हणाला.

"थोडक्यात वाचले."

"ती वाचली की तू?"

"दोघीही," ती म्हणाली, आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलं. नवऱ्याने शेजारी बसून तिचा दुखरा हात आपल्या हातांत घेतला आणि ती गप्प होईपर्यंत सोडला नाही. असा माणूस आपल्या वाट्याला आला, याबद्दल तिने आजवर कुणाचे आभार मानले नव्हते. त्या दिवशी मानले.

रविवारी उद्घाटन झालं. मोडशिंगी गोधडीतच उभी होती, अगदी पुढे. घाईसाहेबांनीच पाहुण्यांना तिच्यासमोर थांबवलं आणि सगळी हकिकत रंगवून सांगितली. एका दाढेच्या दोन दाढा झाल्या, दोन वर्षांच्या सवयीची पाच वर्षं झाली. पण, "हे ओळखलं आमच्या या बाईंनी," असं म्हणून त्यांनी तिला पुढे बोलावलं तेव्हा त्यात काही खोटं नव्हतं. टाळ्या वाजल्या. रबरी बूट घातलेले पाय कुठे लपवावेत हे तिला कळेना.

मोडशिंगीला तीन आठवडे बारीक कापलेला चारा आणि भिजवलेलं धान्य दिलं. चौथ्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, तिच्या डाव्या कानामागे लोकरीचा एक पुंजका वर आला. कातरवालीने तो लांबूनच पाहिला. हात लावायचा मोह झाला, पण ती जागची हलली नाही. मोडशिंगीने खडकाला मान घासली, एकदा, दोनदा, आणि पुंजका सुटून वाऱ्यावर गेला. सोमवारची वाट न बघता कातरवालीने वही काढली आणि कोऱ्या पानावर कानामागे मोहरीएवढा ठिपका काळा केला. पुढच्या सहा सोमवारांत ते पान भरत गेलं. शरदात दिवस लहान झाले तेव्हा सगळ्यांबरोबर तिलाही नवी लोकर आली, दाट आणि सारखी.

पुढच्या वसंतात डॉक्टरबाईंची दुसरीकडे नेमणूक झाली. जायच्या आदल्या दिवशी त्या निरोप घ्यायला कुंपणाशी आल्या. दोघी नव्या सज्ज्यावर उभ्या राहिल्या. खाली सगळा कळप नव्या केसांत चकाकत होता. एक मोडशिंगी तेवढी जुन्या कपड्यांत होती, सगळ्यांत शेवटची, कारण तिच्या पोटाखाली दहा दिवसांचं कोकरू ढुशा देत दूध पीत होतं.

"यंदाही हिचं पान कोरंच का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"असू दे. यंदा ती सगळं पोराला देतेय."

कातरवालीने घरून चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"तुम्ही त्या दिवशी घरी आला नसतात," ती म्हणाली, "तर मी अजून छत पुसत असते."

डॉक्टरबाईंना छताची गोष्ट ठाऊक नव्हती, पण त्यांना कळायचं ते कळलं. "मी फोनवर ऐकलं, एवढंच केलं," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांचं काम टाकून कुणाच्याही सांगण्यावरून आले नसते. खरं म्हणजे आभार मी मानायला आले होते. तुम्हीच आधी मानलेत."

खाली कोकराने जोरात ढुशी दिली. मोडशिंगीने अंग झाडलं, आणि तिच्या पोटावरून लोकरीची एक मोठी चिंधी सुटून थेट कोकराच्या डोक्यावर पडली. कोकरू दचकलं, चारही पायांवर उभं उडालं आणि ती चिंधी डोळ्यांवर घेऊनच आईभोवती धावत सुटलं. सज्ज्यावर दोघी कठड्याला धरून हसत राहिल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.